नाव आणि जाती : चिखलातील खेकड्याच्या निमित्ताने



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, ते गुरुजी आपल्या शाळेत जीवशास्त्र शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविली. त्यांच्या विषयाच्या अंगणात मी पाऊल टाकणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु आजचा माझा प्रश्न निम्मा प्राणिशास्त्राचा आणि निम्मा पाठचिकित्सेचा आहे, आणि त्यातील दुसऱ्या निम्म्यावर माझा थोडाफार अधिकार पोहोचतो. प्रश्न असा की, दोन खेकडे वेगवेगळ्या जातींचे आहेत हे ओळखावे कसे, आणि ओळखल्यावर त्यांना नाव कोणते द्यावे?

आपल्या गोमंतकात खेकड्याला कुर्ली म्हणतात. संस्कृतातील ‘कुलीर’ शब्दाशी तिचे नाते मला स्पष्ट दिसते. उत्तर कोकणात तीच चिंबोरी होते. खारफुटीच्या चिखलात, खाजनाच्या बांधाला बिळे पाडून राहणारी मोठी, जड कवचाची कुर्ली आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि बहुतेकांनी खाल्लीही आहे. बाजारात तिची पारख होते ती वजनावर, आणि ती भरलेली आहे की पोकळ यावर. जातीची विचारपूस तेथे कोणी करीत नाही. शास्त्रज्ञांनी मात्र ती दोनशे वर्षांहून अधिक काळ केली, आणि तरीही घोळ झाला. तो घोळच मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या खेकड्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सिला’. ग्रीक पुराणातील एका समुद्रराक्षसीवरून ते आले. ही प्रजाती १८३३ मध्ये द हान याने स्थापिली. जातींची नावे त्याहून जुनी आहेत. लिनिअसचा शिष्य पेटर फोर्स्कॉल डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने वारला. त्याची टिपणे मोहिमेतून एकटाच जिवंत परतलेल्या कार्स्टन नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. हा नीबूर फोर्स्कॉलच्या मृत्यूनंतर मुंबईस आला होता आणि त्याचा आणखी एक सोबती तेथेच मरण पावला, हे जाता जाता सांगतो. त्या मरणोत्तर ग्रंथात तांबड्या समुद्राकडील एका खेकड्याला ‘सेराटा’, म्हणजे करवतीसारखी दाते असलेला, असे विशेषण मिळाले. पुढे १७९६ मध्ये हर्ब्स्ट याने ‘ओलिव्हेसिया’ आणि १७९८ मध्ये फॅब्रिशिअस याने ‘ट्रँक्विबारिका’ ही नावे दिली. हे शेवटचे नाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडीचे. १६२० पासून १८४५ पर्यंत ते गाव डॅनिश लोकांकडे होते आणि युरोपीय लोक त्याला ट्रँकिबार म्हणत.

आता पाहा. करवतीसारख्या दाती या प्रजातीतील प्रत्येक खेकड्याला असतात. कवचाच्या पुढच्या कडेवर डोळ्यांच्या दोन्ही बाजूंस नऊ-नऊ. म्हणजे ज्या लक्षणावरून पहिले नाव पडले, ते लक्षण जाती वेगळ्या करण्यास निरुपयोगी. फिलिपाइन्समधील एस्टाम्पाडोर याने १९४९ मध्ये तीन जाती आणि एक उपप्रकार मानला, आणि त्या उपप्रकाराला ‘पॅरामामोसेन’ हे नाव दिले. स्टीफन्सन आणि कॅम्बेल या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी १९६० मध्ये हे भेद पुरेसे नाहीत असे ठरवून सर्व एकाच सेराटात जमा केले. एकाने चार केले, दुसऱ्यांनी एक केला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरापर्यंतचा चिखलातील हरएक मोठा खेकडा पुष्कळांच्या लेखी सेराटा झाला.

या ठिकाणी मला आपले हस्तलिखितांचे काम आठवते. पोथी हाती आली की प्रथम अक्षराचे वळण, कागद, शाई दिसते. ते पाहून काळ आणि प्रदेश यांचा अंदाज बांधता येतो. पण एकच लेखक तरुणपणी एक वळण काढतो आणि म्हातारपणी दुसरे. खेकड्याचेही तसेच आहे. तो कात टाकीत वाढतो आणि वाढताना अवयवांची प्रमाणे बदलतात; नराची नांगी, ज्याला आपण डेंगा म्हणतो, ती पक्व वयात फारच थोराड होते. रंग तर पाणी आणि चिखल यांच्याप्रमाणे पालटतो व बाटलीत ठेवल्यावर उडूनच जातो. म्हणून पोथीचे नाते ठरविताना आपण वळणाच्या पलीकडे जाऊन पाठ पाहतो. दोन पोथ्यांत तेच वेगळेपण, विशेषतः तीच चूक पुन्हा आढळली, तर त्या एका मातृकेवरून उतरल्या असे म्हणतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हाच मार्ग अवलंबिला.

जनुकांची तुलना हे याच जातीचे काम आहे. पेशीतील तंतुकणिकांना स्वतःचे जनुकद्रव्य असते. त्यातील सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचतात. अक्षरे चारच, पण पिढ्यानुपिढ्या नकला होताना त्यांत पाठभेद शिरतात. एका जातीतील प्राण्यांत हे भेद थोडे असतात, दोन जातींमध्ये पुष्कळ.

१९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान या तिघांनी चिखलातील खेकड्यांवर हे काम केले. प्रथिनांचे प्रकार आणि तंतुकणिकेतील दोन जनुके अशा दोन स्वतंत्र साक्षी त्यांनी घेतल्या आणि चार जाती निश्चित केल्या. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांनी पुढे केलेले काम. जनुकांनी चार गट पाडून दिल्यावर ते पुन्हा शरीराकडे वळले आणि कोणती लक्षणे या गटांशी जुळतात हे त्यांनी मोजून काढले. लांबीऐवजी त्यांनी प्रमाणे घेतली : डोळ्यांमधल्या चार दात्यांची उंची कपाळाच्या रुंदीच्या मानाने किती, आणि नांगीच्या मनगटावरील आतला काटा बाहेरच्या काट्याच्या मानाने केवढा. सेराटाचे कपाळावरचे दाते उंच, मनगटावर दोन ठसठशीत काटे, आणि सर्व पायांवर बहुकोनी जाळीची नक्षी. ओलिव्हेसियाचे दाते बुटके व गोलसर, मनगटावरील काटे जेमतेम, नक्षी नाही, नांग्या बहुधा तांबूस. एकदा हे कळले की, बाजारात उभे राहून, प्रयोगशाळेशिवाय हे दोन वेगळे काढता येतात.

परंतु जनुक भेद सांगते, नाव सांगत नाही. चार गट पडले. त्यांपैकी सेराटा कोणता? हे ठरविण्यासाठी फोर्स्कॉलच्या ग्रंथाकडेच जावे लागले. त्याचा मूळ नमुना हाताशी नव्हता, म्हणून त्याच तांबड्या समुद्रातील खेकडा नवा आदर्श नमुना म्हणून नेमण्यात आला. मूळ प्रत हरवल्यावर तिच्या गावी जाऊन उत्तम उपलब्ध प्रत शोधावी, तसेच हे. या एका बाबतीत प्राणिशास्त्रज्ञ आमच्याहून भाग्यवान. आम्हांला मूळ प्रत नेमून घेण्याची मुभा नाही.

आता आपल्याकडचे पाहू. भारतात कित्येक वर्षे मोठ्या खेकड्याला ट्रँक्विबारिका आणि लहान, तांबड्या नांगीच्या खेकड्याला सेराटा म्हणण्याचा प्रघात होता. २०१४ मध्ये भारतीय किनाऱ्यावरील नमुन्यांचे जनुकीय परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात दोनच जाती आढळल्या : सेराटा आणि ओलिव्हेसिया. मोठा तो खरा सेराटा, लहान तो ओलिव्हेसिया. ज्याच्या नावात तरंगंबाडी आहे तो खेकडा त्या नमुन्यांत मिळालाच नाही! एका नावाची ही केवढी भ्रमंती.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. सेराटा दोन किलोंच्याही वर जातो. ओलिव्हेसिया तेवढा वाढत नाही, आणि तो लहान आकारातच पक्व होतो. कोणी शेतकऱ्याने खाऱ्या पाण्याच्या तळ्यात पिले सोडली, ती सेराटाची म्हणून घेतली आणि निघाली ओलिव्हेसियाची, तर महिनोन्महिने खाद्य घालून अपेक्षित वजन येणार नाही, आणि त्याचे कारणही त्याला कळणार नाही. किती लहान खेकडा धरू नये याचा नियम करतानाही जाती ठाऊक हवी. एकीचे माप दुसरीला लावले, तर सेराटाची पिले पक्व होण्याआधीच धरली जातील. जुन्या लेखांत ‘सेराटा इतक्या आकाराला अंडी धरतो’ असे वाचताना, तो कोणता सेराटा, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. मयिलाडुथुराई जिल्ह्यात थोडुवाई येथे राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने खेकड्याच्या बीजाचे उत्पादन केले. तरंगंबाडीही आज त्याच जिल्ह्यात आहे.

जनुकावर आंधळा विश्वासही नको. तंतुकणिका आईकडूनच येतात. दोन जातींचा संकर झाला, तर हे जनुक आईचीच जाती सांगेल आणि बापाविषयी मौन पाळील. शिवाय या जनुकाच्या जुन्या, निकामी नकला पेशीच्या केंद्रकात पडून असतात. कधी चुकून त्याच वाचल्या जातात. आमच्या भाषेत क्षेपक म्हणा. आणि ज्या संग्रहाशी ताडून नाव काढतात, त्यात कोणी पूर्वीच्याच प्रघाताने चुकीच्या नावाखाली जनुक नोंदविले असेल, तर ती चूक नकलांतून पसरत जाते. सह्याद्रीतील गोड्या पाण्याच्या खेकड्यांत अजूनही पहिला निर्णय शरीरच देते : नराच्या पोटाखालील पहिल्या प्रजनन-उपांगाचा आकार भिंगाखाली पाहतात.

एक विनंती करतो. शाळेच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनच्या बाटल्यांत जपलेले खेकडे शरीररचना शिकण्यास ठीक आहेत. पण फॉर्मालिन जनुकद्रव्याची मोडतोड करते. यापुढे नमुना ठेवावयाचा झाल्यास त्याचा एक पाय तोडून तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा जपावा, आणि दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक घालावा. चिठ्ठीवर शाईऐवजी शिसपेन्सिलीने लिहावे, कारण अल्कोहोलात शाई विरघळते. खाडी कोणती, तारीख कोणती, नर की मादी, कवचाची रुंदी किती, जिवंत असताना रंग कोणता. आणि ज्याने तो पकडला त्या माणसाने त्याला काय नाव सांगितले, ते त्याच्याच उच्चारात.