बाळंतिणीच्या मनालाही शेक हवा



पैठण ही संत एकनाथांची भूमी. गोदावरीच्या वाळवंटात, भर उन्हात, तापलेल्या वाळूवर एक मूल रडत होते. नाथांनी त्याची जात न विचारता त्याला कडेवर घेतले. ही कथा येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. रडणारे मूल उचलून घेणे हा धर्म आपल्या समाजाला पुरता उमगलेला आहे. प्रश्न आहे तो त्याच मुलाच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून रडणाऱ्या आईचा. तिला कोण सावरणार?

बाळंतिणीच्या देहाची काळजी आपल्याकडे परंपरेने घेतली जाते. पहिलटकरीण माहेरी येते. तिच्यासाठी अंगाला तेल, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर असते आणि सव्वा महिन्याची विश्रांतीही असते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर प्रसूतेच्या भोवती कोणत्या स्त्रिया असाव्यात, हेही सांगितले आहे. त्या अनेक बाळंतपणे झालेल्या, स्वभावाने वत्सल आणि स्वतः विषादमुक्त अशा असाव्यात. प्रसूतेच्या मनाला आधार लागतो, हे पूर्वसूरींना ठाऊक होते. लाडू आणि शेगडी आपण जपली. मनाच्या आधाराचा मात्र आपल्याला विसर पडला.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच डोळे भरून येणे, चिडचिड होणे, जीव घाबरा होणे हे निम्म्याहून अधिक मातांना अनुभवास येते. शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण एकाएकी घसरते, झोप तुटते, आणि मन हळवे होते. साधारण दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नाही, बाळ झोपले तरी आईला झोप येत नाही, अन्नावरची वासना उडते, बाळाविषयी माया वाटत नाही आणि म्हणून ती स्वतःलाच पापी समजू लागते, तेव्हा तो हळवेपणा राहत नाही. तो प्रसूतिपश्चात नैराश्याचा आजार असतो. ती आळशी नसते, नाटकी नसते आणि वाईट आई तर मुळीच नसते.

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे कोणास वाटेल. त्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला. त्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुतेकींचे मन गरोदरपणातच खचलेले होते. दारिद्र्य, पतीशी बेबनाव, मारहाण, आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी, ही कारणे त्यात ठळकपणे दिसली. अशा मातांच्या बाळांचे वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याचे प्रमाणही दुपटीहून अधिक होते. म्हणजे आईचे दुःख बाळाच्या अंगावर उमटते. ज्या घरात मुलगी झाली म्हणून चेहरे उतरतात, त्या घराने या आजारात आपला वाटा किती, हे स्वतःला विचारावे.

मग कुटुंबाने करावे काय? पहिली गोष्ट, ऐकावे. “तुला काय कमी आहे?”, “आम्ही नाही का चार-चार बाळंतपणे काढली?” ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. “तुला कसे वाटते?” एवढे विचारून गप्प बसावे. दुसरी गोष्ट, झोप. सासूने वा आईने रात्रीचा एक प्रहर बाळ सांभाळले, तर त्या सलग झोपेचे मोल मोठे असते. तिसरी गोष्ट पतीची. पत्नी माहेरी गेली म्हणजे आपले काम संपले, असे त्याने समजू नये. जावे, बसावे, बाळाचे लंगोट बदलावेत. त्यात पुरुषार्थ उणा होत नाही. दूध कमी येते म्हणून तिला टोचून बोलू नये. बारशाला येणाऱ्यांची वर्दळही तिला झेपेल एवढीच असावी.

पाचवीला सटवाई अवश्य पुजावी. पण “बाहेरची बाधा” म्हणून मांत्रिकाच्या दारी दिवस घालवू नयेत. आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत बाळाला पाहण्यासाठी अनेकदा घरी येते; तिला आईविषयीही सांगावे. पैठणच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. तेथून सुमारे ५० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे, तेथे मनोविकार विभाग आहे. रक्तक्षय आणि थायरॉईड यांचीही तपासणी करून घ्यावी, कारण त्यांनीही असाच थकवा येतो. समुपदेशनाने अनेकींना बरे वाटते. औषध लागलेच, तर अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात. भीतीपोटी ती मध्येच बंद करू नयेत. २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. आई स्वतःच्या वा बाळाच्या जीविताविषयी भलतेसलते बोलू लागली, तिला भास होऊ लागले, ती असंबद्ध बडबडू लागली, तर क्षणभरही तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हजारात एक-दोन मातांना होणारा हा तीव्र विकार आहे. वेळीच उपचार झाले तर तो बरा होतो. लोक काय म्हणतील, या विचाराने दवडलेला एक दिवस दोन जीवांवर बेतू शकतो.

गोव्यातच पुढे आणखी एक प्रयोग झाला. गावातल्याच सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘सखी’ म्हणून नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या घरी पाठवण्यात आले, आणि प्रसूतीनंतरही त्या येत राहिल्या. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्या मातांच्या प्रकृतीत काही प्रमाणात सुधारणा दिसली. या सख्या डॉक्टर नव्हत्या, शेजारणी होत्या. असे काम प्रत्येक आळीत, प्रत्येक भजनी मंडळात, प्रत्येक महिला मंडळात होऊ शकते. आपल्या गल्लीत यंदा कोण बाळंत झाली, एवढे ध्यानात ठेवून महिन्या-दीड महिन्याने तिच्या घरी जावे. बाळाला पाहून झाले की, दोन घटका आईजवळही बसावे.