तरुणांचा खेळ आणि पैशाची स्पर्धा
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



मी काही विद्वान वक्ता नाही. साचाखात्यात आयुष्य गेलं. मागांच्या खडखडाटातून घरी येऊन रात्री जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. आज मी बोलणार आहे ते विहारामागच्या पटांगणात रोज संध्याकाळी जमणाऱ्या आपल्या पोरांबद्दल.

ही पोरं काय करतात ते तुम्ही पाहिलंच आहे. कराटे-तायक्वांदोच्या लाथा, जिम्नॅस्टिकच्या कोलांट्या, ब्राझीलच्या कापोएरातल्या गिरक्या, हे सगळं एकत्र करून ती हवेत उडतात. याला ट्रिकिंग म्हणतात. यात समोर प्रतिस्पर्धी नाही, ठरलेला क्रम नाही. मोबाईलवर बघायचं आणि एकमेकांना शिकवायचं. एकाला डाव जमला की बाकीचे टाळ्या वाजवतात. आता या पोरांनी समितीकडे अर्ज दिला आहे. रोख बक्षिसांची स्पर्धा भरवू, पैसे देणारा तयार आहे, पुढे लीग काढू, यातच आमचं करिअर होईल, असं त्यांचं म्हणणं. समितीत दोन तट पडले. मला मत विचारलं, म्हणून सांगतो.

आधी पोरांची बाजू. त्यातला एक मला म्हणाला, "काका, तुम्ही कबड्डीच्या जोरावर कामाला लागलात. मग आम्हीच का फुकट खेळायचं?" मला उत्तर सुचलं नाही. कारण ते खरं आहे. १९९० साली मला गिरणीत बदलीचं काम मिळालं ते कबड्डीमुळेच. पण पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. १९९४ साली सामन्यात माझा गुडघा फिरला. "कामावर असताना लागलेलं नाही," असं म्हणून वरच्यांनी हात झटकले. संघातून नाव गेलं. औषधपाण्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या. तो गुडघा आजही विहाराची पायरी चढताना बोलतो. म्हणून खेळात पैसा येतो म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो : पडल्यावर कोण उचलणार?

आता कबड्डीचंच बघा. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला. २०१८ मध्ये सहा खेळाडूंनी एक कोटी किंवा त्याहून जास्त रक्कम मिळवली. गरीब घरातली पोरं त्यात आहेत, याचा मला आनंद आहे. पण ही इमारत पायावर उभी राहिली. कबड्डीची अखिल भारतीय संघटना १९५० सालची, आशियाई खेळांत कबड्डी आली १९९० साली. गल्लोगल्ली मंडळं, पंच, नियम, रेल्वे-बँका-पोलिसांतल्या नोकऱ्या, हे सगळं आधी झालं. लीग शेवटी आली. आपण कळसापासून सुरुवात करायला निघालो आहोत.

दुसरी गोष्ट, गुण कोण देणार? ज्युदोची गोष्ट सांगतो. १८८२ साली जिगोरो कानो यांनी टोकियोतल्या एईशोजी या बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत ज्युदो शिकवायला सुरुवात केली. माणूस घडवणं हा त्यांचा हेतू होता. १९६४ साली ज्युदो ऑलिंपिकमध्ये गेला, जगभर पसरला, नाव झालं. पण पुढे स्पर्धेच्या नियमांनी खेळच बदलला. २०१३ पासून पायाला हात घालून पाडण्याचे डाव स्पर्धेत बंद आहेत. जे स्पर्धेत चालत नाही ते रोज कोण घोटणार? आपल्या पोरांचा तर नियम नसणं हाच खेळ आहे. गुण जर उंच उडीला मिळाले, तर सगळे उंचच उडतील. मग मानही मोडेल.

तिसरी गोष्ट, सूत्रं कोणाच्या हातात? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७० च्या दशकात काळ्या आणि पोर्तोरिकन पोरांनी रस्त्यावर ब्रेकिंग हा नाच उभा केला. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धा झाली. पण तिथं कारभार होता बॉलरूम नाचांसाठी उभ्या राहिलेल्या जागतिक संघटनेकडे. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या यादीत ब्रेकिंग नाही. घाम ज्यांचा, निर्णय त्यांचा नाही. गिरणीत हेच पाहिलं, बंधूंनो, पटांगणात तरी नको.

आणि नोकरीचं म्हणाल, तर राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते मान्य खेळांतल्या ठराविक स्पर्धांसाठी. ट्रिकिंगच्या प्रमाणपत्राला तिथं कोणी विचारणार नाही. हे पोरांना आजच सांगितलं पाहिजे, पंचविशी उलटल्यावर नव्हे.

मग काय, बंदी घालायची? मुळीच नाही. घरात बसून बिघडण्यापेक्षा पटांगणात घाम गाळणारं पोर लाख मोलाचं. माझं म्हणणं एवढंच :

एक, रोख बक्षीस आणि लीग आज नको. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून प्रात्यक्षिकं करावीत, बाहेरच्या वस्त्यांतल्या पोरांनाही बोलवावं.

दोन, पैसे देणाऱ्याला खरंच कळकळ असेल तर त्याने फलक लावण्याऐवजी जाड गाद्या द्याव्यात. आज पोरं मातीवर पडतात. गाद्या आणि जाणता शिक्षक येईपर्यंत उलट्या कोलांट्या बंद.

तीन, मुलींना वेळ आणि जागा मिळालीच पाहिजे. आज त्या कठड्यावर बसून बघतात.

चार, ज्याच्या अंगात खरंच स्पर्धेची रग आहे, त्याला तायक्वांदो, जिम्नॅस्टिक, कुस्ती, कबड्डी अशा मान्य खेळाच्या शिक्षकाकडे पाठवू. त्याच्या बसभाड्याचा आणि फीचा भार समितीने उचलावा. माझी पहिली वर्गणी मी आजच देतो.

आणि कधी काळी हा खेळ व्यवसाय झालाच, तर नियम करणाऱ्यांत खेळणारी पोरं असली पाहिजेत, आणि पहिला नियम विम्याचा असला पाहिजे.

त्या पोराला मी आता उत्तर देतो. बाळा, तू फुकट खेळावंस असं मी म्हणत नाही. तू स्वस्तात विकला जाऊ नयेस, असं म्हणतो. शीक, खेळ, आणि ज्याला अजून डाव जमत नाही त्याचा हात धर. तुझा गुडघा शाबूत राहू दे.