काळीतलं घर आणि हिवाळ्यातलं पाणी

आजचा विषय पाया, जोतं आणि तळघर. तुम्ही म्हणाल, पावसाळा संपला, आता पाण्याचं काय काढलं? पण आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, बऱ्याच घरांच्या पायाला खरा त्रास दिवाळीनंतरच सुरू होतो. त्यामुळे हा भाग जरा सावकाश ऐका.

आपल्या जुन्या लोकांनी गावाचे दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे राहायची जागा. पीक काळीत घ्यायचं आणि घर पांढरीवर बांधायचं. घरं गावठाणात, जरा उंचावर, दगडी जोत्यावर असायची. आज आपण काय करतो? वाटण्या झाल्या, गावठाणात जागा उरली नाही, म्हणून शेतात वस्ती करतो. सोयीचं आहे, चूक काहीच नाही. फक्त घर पांढरीवरून काळीत आलं, हे पाया खोदताना लक्षात ठेवायला हवं.

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्याच आहेत. तीच माती तुमच्या जोत्याखाली आहे. आता नीट ऐका. माती कायम ओली राहिली तर घर बहुधा तग धरतं, कायम कोरडी राहिली तरी धरतं. घर मोडतं ते चढउतारानं. त्यातही एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा असेल तर जास्तच. ओला कोपरा वर उचलला जातो, कोरडा खाली बसतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि दार चौकटीत अडकायला लागतं.

मग हिवाळ्यातच का? परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत जमीन भिजवून जातो. वरची माती वाळायला लागते, खालची ओलीच असते. तेवढ्यात रब्बीचं आवर्तन सुटतं. प्रवरेचे कालवे असोत की मुळेचे, पाट वाहायला लागला की आजूबाजूच्या विहिरी वर येतात. शेताला मोकाट पाणी दिलं की आणखी वर. राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यातल्या जुन्या कालव्याकाठच्या लोकांना हे नवीन नाही. पाणथळ आणि चोपण जमिनी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यात. भंडारदरा धरण पूर्ण झालं 1926 साली, म्हणजे हा अनुभव शंभर वर्षांचा आहे.

आता निळवंड्याचं बघा. 26 ऑक्टोबर 2023 ला निळवंडे धरणाचं जलपूजन झालं आणि 85 किलोमीटरच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. एकूण 182 गावांना या प्रकल्पाचा लाभ मिळणार, असं तेव्हा सांगितलं गेलं. किती वर्षं वाट पाहिली लोकांनी या पाण्याची! पाणी आलं हे सोनंच झालं. पण या गावांतली घरं कोरडवाहू काळात बांधलेली आहेत. विहिरीला पाणी खोलवर असायचं, म्हणून कुणी पायाला ओल लागेल असं धरलंच नाही. पाया दोन-तीन फूट, डीपीसी नाही, जोतं जेमतेम. आता जमिनीतलं पाणी वर येणार. जुन्या कालव्याकाठच्यांनी हळूहळू शिकलं, ते इथल्या लोकांना दोन-तीन हंगामांत शिकावं लागणार आहे.

तर करायचं काय? फुकटातल्या गोष्टी आधी सांगतो.

एक, विहीर मोजा. दर महिन्याच्या 1 तारखेला जमिनीपासून पाणी किती फूट खाली आहे ते वहीत लिहा. विहीर नसेल तर शेजाऱ्याची मोजा. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आवर्तनाच्या तारखा कळतात, त्याही शेजारी लिहा. वर्षभरात घराखालचं पाणी कधी चढतं ते दिसेल. उद्या पाझराची तक्रार घेऊन पाटबंधारे खात्याकडे जायचं झालं तर ही वही तोंडी बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

दोन, भेगांवर खूण करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारा, तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा. मे आणि ऑक्टोबरमध्ये परत मोजा. भेग उघडझाप करत असेल तर माती हलतेय. तोवर पुट्टी आणि सिमेंटवर पैसे घालू नका. भेग सगळ्यात रुंद असताना ती कडक सिमेंटनं भरली, तर ती मिटायच्या वेळी शेजारची भिंत फाटते. आधी पाणी आवरा, एक वर्ष बघा, मग भरा.

तीन, ओल कुठली ते ओळखा. थंडीत सकाळी भिंत ओलसर लागते, ती दरवेळी जमिनीतली ओल नसते. हवेतलं बाष्पही गार भिंतीवर जमतं. ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपनं पक्का चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर बाष्प, मग खिडक्या उघडा. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर ती भिंतीतूनच येतेय. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा फुटला असेल तर पाणी जमिनीतून क्षार घेऊन वर चढतंय. त्याच्यावर ऑइलपेंट मारला तर ओल आणखी वर चढते, एवढंच होतं.

चार, घराजवळचं पाणी हटवा. न्हाणीचं सांडपाणी, टाकीचा ओव्हरफ्लो, पत्र्याची पन्हाळ, भिंतीला लागून लावलेली कर्दळ. शोषखड्डा चांगलाच, पण काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. खड्डा जोत्यापाशी असेल तर तोच कोपरा वर्षभर ओला राहतो. जागा असेल तितका तो लांब न्या, उताराच्या बाजूला. उलट बाजूनं मोठं झाड जोत्याजवळ असेल तर ते उन्हाळ्यात माती शोषून कोरडी करतं. म्हणजे एकीकडे न्हाणी आणि दुसरीकडे कडुलिंब असेल तर चढउतार ठरलेलाच.

आता पैसे लागणारं काम. घराभोवती फरसबंदी करा. काळ्या मातीत दोन-अडीच फूट पुरत नाही, पाच-सहा फूट रुंद घ्या. वरची फूट-दीड फूट काळी माती काढा, चिकट मुरूम थरांनी पाणी मारून धुमसा, वर जाड प्लास्टिक, त्यावर काँक्रीट. उतार घरापासून बाहेर, दर मीटरला 3 ते 4 सेंटिमीटर. मुरमाऐवजी वाळू भरू नका, ती पाणी साठवून पायापर्यंत नेते. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर द्यायचा, ही पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी अभ्यासून मांडली. आपल्या गवंड्यांनाही ती हातानं माहीत आहे.

नवं घर बांधत असाल तर कडक मुरूम लागेपर्यंत खोदा. काळीचा थर फार खोल असेल तर खाली फुगा असलेले पाईल, म्हणजे अंडर-रीम्ड पाईल, असतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ते अशाच मातीसाठी विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण तिथं ऋतूंचा चढउतार फारसा पोचत नाही.

तळघर किंवा जमिनीखालचा हौद असेल तर एक नियम पाठ करा. बाहेर पाणी एक मीटर चढलं की तळाला दर चौरस मीटरला एक टन जोर वर येतो. आतून गिलावा मारून तो थांबत नाही. काम बाहेरून हवं. शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग बांधतानाच करून घ्या. पाणी वर असताना हौद पूर्ण रिकामा करू नका, तळ फुटतो, कधी अख्खा हौद उचलला जातो. साफसफाई मे महिन्यात ठेवा.

शेवटचं. घरकुलाला सरकारी अनुदान मिळतं. बाकीचे लोक उसनवार करून, दागिने ठेवून घालतात. मग पैसा कमी पडला की कात्री लागते ती पायाला, कारण तो दिसत नाही. माझं सांगणं एवढंच, एक खोली कमी बांधा, रंग पुढच्या वर्षी द्या, टाइल्स नंतर बसवा. ते सगळं नंतर करता येतं. पाया नंतर करता येत नाही.

आवर्तन सुटायच्या आधी एवढं करा, घराला एक चक्कर मारा आणि पाणी कुठं थांबतं ते बघा. तुमच्या भागातल्या मातीचं आणि ओलीचं काही वेगळं असेल तर जरूर कळवा, त्यावर बोलू. भेटूया पुढच्या भागात.