ऊर्जानगरात लेकरांनी खेळावं केव्हा?

एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरातल्या आईबाबांना प्रश्न पडतो, तो वेळेचा. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांपुढे जातो. ऊन उतरल्यावर अंगणात सोडावं, तर ती बिबट्याची वेळ. शेजारच्या दुर्गापुरात मे २०२२ मध्ये घराबाहेर एका चिमुकलीला बिबट्याने धरलं. आईने काठीने झोडपून तिला सोडवलं. त्या माउलीचं धैर्य मोठंच, पण कुणाही आईवर ती वेळ येऊ नये.

म्हणून धावपळीचा खेळ सकाळी, ऊन चढण्याआधी. दुपारी घरातच उशा रचून लेकराला त्यांवर चढू द्या, मोबाइल हाती देऊ नका. पाण्यात वाट्या बुडवायला बसवलं, तर स्वतः शेजारी बसा. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. चालू कूलरला तर त्याचा हातही लागू देऊ नका. दिवस कलला की लेकरू घरात. घराभोवतीची झुडपं छाटा, खरकटं उघड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री-डुकरं येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या.