माध्यमिक शाळेतील गणित-विज्ञानाची चाचणी आणि प्राथमिक शिक्षक

(प्राथमिक शिक्षकांच्या तालुका शिबिरात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे गणित व विज्ञान या विषयांचे ज्ञान कसे तपासावे, हा प्रश्न हायस्कूलच्या शिक्षकांचा. तो प्राथमिक शिक्षकांपुढे कशाला, असे कोणी विचारल्यास ते वावगे म्हणता येणार नाही. परंतु नववी-दहावीच्या उत्तरपत्रिकेत जे पीक दिसते, त्याची पेरणी तिसरी-चौथीच्या वर्गात झालेली असते. म्हणून वरच्या इयत्तांतील चाचण्यांनी काय दाखवून दिले आहे, हे खालच्या इयत्तांच्या शिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

परीक्षांविषयीची तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. १९५२-५३ मध्ये मुदलियार आयोगाने आपल्या माध्यमिक शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा सारे शिक्षण परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे, ही गोष्ट त्याने स्पष्टपणे नोंदविली. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण असे त्यातील चढते टप्पे आपण अध्यापक विद्यालयात शिकलो आहोत. पुढच्याच वर्षी ब्लूम भारतात आले, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, आणि १९५८ मध्ये परीक्षा-सुधारणेसाठी मध्यवर्ती परीक्षा विभागाची स्थापना झाली. प्रश्न केवळ स्मरणशक्तीला न विचारता बुद्धीला विचारावा, हा विचार तेव्हापासून आपल्या कानांवर आहे. तो वर्गात कितपत उतरला, हे मात्र ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

याच सुमारास अनेक देशांतील मुलांची एकाच मापाने चाचणी घेण्याची कल्पना पुढे आली. १९६४ मध्ये बारा देशांत गणिताची पहिली आंतरराष्ट्रीय पाहणी झाली. १९७० च्या सुमारास झालेल्या विज्ञानाच्या पाहणीत भारतानेही भाग घेतला होता. २००० सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांसाठी 'पिसा' ही चाचणी सुरू झाली. तिच्या २००९ च्या फेरीत तामिळनाडू व हिमाचल प्रदेश ही आपली दोन राज्ये सामील झाली, आणि सत्तरांहून अधिक सहभागी देश-प्रदेशांत ती अगदी तळाशी राहिली. निकाल जाहीर होताच वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. प्रश्न आपल्या मुलांना परके होते, असे काहींनी म्हटले. आपले शिक्षणच पोकळ आहे, असे इतरांनी म्हटले. दोन्ही बाजूंनी क्रमांकावरच वाद घातला. मुलांनी नेमकी कोणती उत्तरे लिहिली आणि ती तशी का लिहिली, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला राहिला. वस्तुतः शिक्षकाच्या उपयोगाचा प्रश्न तोच आहे. म्हणून आज आपण क्रमांक सोडून देऊन काही उत्तरांकडेच पाहू.

पहिले उदाहरण आपल्याच देशातले आहे. २०२३ मध्ये 'असर' या पाहणीत २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे पस्तीस हजार मुलामुलींना घरी जाऊन काही साधे प्रश्न विचारण्यात आले. त्यांत मोजपट्टीचा एक प्रश्न होता. वस्तूचे एक टोक पट्टीवरील शून्यावर ठेवलेले असता शंभरांपैकी सुमारे ८५ जणांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्यापासून थोडी पुढे सरकवून ठेवताच बरोबर उत्तरे ३९ वर आली! पट्टी तीच आणि सेंटिमीटरही तेच. बदलली ती केवळ वस्तूची जागा. याचा अर्थ उघड आहे. जवळजवळ निम्म्या मुलांना लांबी मोजता येत नव्हती; वस्तूच्या उजव्या टोकाखालचा आकडा वाचता येत होता. शून्यापासून मोजताना या दोहोंचे उत्तर एकच येते, म्हणून आपला समज होतो की मुलाला मोजता येते. ही वस्तुस्थिती केवळ दुसऱ्या प्रश्नाने उघडकीस आणली. याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने बरोबर भागणारे शंभरांत ४३ च निघाले, हेही येथे सांगितले पाहिजे. ही मुले दहावीच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्याही पलीकडे होती.

हा दोष केवळ आपल्याच मुलांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत १९७८ च्या सुमारास झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते, की बारा-तेरांश आणि सात-अष्टमांश यांची बेरीज अंदाजे किती होईल? प्रत्यक्ष बेरीज करावयाची नव्हती. १, २, १९ आणि २१ यांतून एक आकडा निवडावयाचा होता. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, तेव्हा उत्तर २, हे क्षणात कळावयास हवे. ते शंभरांत २४ जणांनीच निवडले. १९ निवडणारे २८ होते आणि २१ निवडणारे २७. हे आकडे कोठून आले? बारा आणि सात मिळून एकोणीस, तेरा आणि आठ मिळून एकवीस. म्हणजे अर्ध्याहून अधिक मुलांच्या दृष्टीने अपूर्णांक ही एक संख्या नव्हतीच; एकावर एक ठेवलेले ते दोन सुटे आकडे होते. भाकरीचे चार भाग करून त्यांतला एक उचलावा, हे मूल आपल्याकडे शिकते. परंतु पाव म्हणजे शून्य आणि एक यांच्यामधले एक ठिकाण आहे, हे संख्यारेषेवर दाखविण्यास आपण पुष्कळदा विसरतो. त्याची किंमत मुलाला बीजगणितात मोजावी लागते.

त्याच देशात काही वर्षांनी असे विचारले गेले : एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना नेण्यास किती बसगाड्या लागतील? शंभरांपैकी सुमारे ७० मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण २९ जणांनी उत्तर लिहिले, "३१ बसगाड्या, बाकी १२". १८ जणांनी ३१ लिहून बारा सैनिकांना वाटेवरच सोडून दिले. आणि ३२ हे योग्य उत्तर देणारे केवळ २३ निघाले. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे १९७९ च्या सुमारास प्राथमिक शाळेतील ९७ मुलांना तर मुद्दाम निरर्थक प्रश्न घालण्यात आला : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? त्यांतील ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची उलाढाल करून वय सांगितले. ही मुले मूर्ख नव्हती. शाळेतील गणितात आकडे दिले की काहीतरी क्रिया करावयाची आणि उत्तर लिहावयाचे, त्या उत्तराचा व्यवहाराशी संबंध पाहावयाचा नाही, हा धडा ती निमूटपणे शिकली होती. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही. तरीही तो शिकविला जातो.

विज्ञानाची स्थिती याहून निराळी नाही. चंद्राच्या कला का दिसतात, असे विचारले असता चांगली शिकलेली माणसेसुद्धा "चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून" असे सांगतात. सावली पडते ती ग्रहणात. कलांचे कारण आपल्याला दिसणारा चंद्राचा प्रकाशित भाग कमीअधिक होणे हे आहे, हे वाक्य मुलाला तोंडपाठ असते, पण मनात सावलीच ठाण मांडून बसलेली असते. ती काढण्याचा उपाय अगदी बिनखर्चाचा आहे. वद्य अष्टमीच्या सकाळी आठ-नवाच्या सुमारास पश्चिमेकडे कललेला अर्धा चंद्र उन्हातसुद्धा दिसतो. मुलांना अंगणात उभे करावे आणि हात लांब करून एक लिंबू त्या चंद्राच्या दिशेने उन्हात धरावयास सांगावे. जेवढा चंद्र उजळलेला, तेवढेच लिंबूही उजळलेले दिसेल, आणि त्याच बाजूने! मग विचारावे, "लिंबावर पृथ्वीची सावली पडली आहे काय?" एवढ्या एका प्रश्नाने जे साधते, ते दहा वेळा पाठ केलेल्या व्याख्येने साधत नाही.

दुसरा प्रश्न सावलीचाच घेऊ. दुपारी बारा वाजता सावली पायाखाली जाते, असे आपण सहज बोलून जातो. महाराष्ट्र सर्वस्वी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनच दिवस नेमका डोक्यावर येतो; आणि तोही घड्याळात बारा वाजता नव्हे, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालते. मुंबईस मध्यान्ह सरासरीने सुमारे चाळीस मिनिटे उशिरा होते. एक सरळ काठी अंगणात रोवून सावली सर्वांत आखूड केव्हा होते, हे महिन्यातून एकदा मुलांना मोजू द्यावे. भूगोल, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांची चाचणी त्यात आपोआप होऊन जाते.

आता या साऱ्याचा आपल्या वर्गाशी काय संबंध, ते पाहू. समजा, आपण ४०३ मधून १७८ वजा करावयास सांगितले. बरोबर उत्तर २२५. एका मुलाने ३७५ लिहिले, दुसऱ्याने २३५ आणि तिसऱ्याने २२६. तिघांच्याही उत्तरावर आपण तांबड्या शाईने फुली मारतो आणि तिघांनाही शून्य गुण देतो. परंतु पहिला मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे. हातचा म्हणजे काय, हेच त्याला उमगलेले नाही. दुसऱ्याला हातचा कळला आहे, पण मधल्या शून्याचे दहा झाल्यावर त्यांतला एक एककाला दिला, तर तेथे नऊ उरतात, हे त्याच्या ध्यानात आले नाही. तिसऱ्याला सारे येते. त्याची केवळ नजरचूक झाली. तिघांचे दुखणे वेगळे, औषधही वेगळे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्यावयास हवेत, दुसऱ्याला शून्य असलेली आणखी चार उदाहरणे, आणि तिसऱ्याला ताळा पाहण्याची सवय. तिघांना एकच शिक्षा म्हणून तीच वजाबाकी दहा वेळा लिहावयास सांगितली, तर पहिला मुलगा आपली चूक दहा वेळा गिरवून पक्की करील.

म्हणून प्रश्न काढताना काही गोष्टी आपण कटाक्षाने पाळाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली गोष्ट, नेहमीच्या प्रश्नाबरोबर त्याचाच थोडा फिरविलेला प्रश्न अवश्य घालावा. पट्टी शून्यापासून लावली, तर एकदा तिनापासूनही लावावी. दुसरी गोष्ट, पर्याय द्यावयाचे झाल्यास ते मुलांच्या खऱ्या चुकांतून घ्यावेत. ०.५ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले म्हणजे "पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे" असे समजणारे मूल लगेच ओळखू येते. तिसरी गोष्ट, एका उत्तरावरून निवाडा करू नये. चार पर्यायांचे वीस प्रश्न असले, तर काहीही न येणाऱ्या मुलाचेही पाच प्रश्न केवळ दैवाने बरोबर येऊ शकतात. यासाठी एकाच कल्पनेवर दोन-तीन प्रश्न असावेत आणि निदान एका ठिकाणी "असे का?" हे विचारलेले असावे. चौथी गोष्ट, काही चाचण्यांना गुणच देऊ नयेत. ज्या उत्तराला गुण आहेत, ते मूल शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविते. ज्याला गुण नाहीत, ते आपल्या मनातले लिहिते. शिक्षकाला हवे असते ते मनातलेच.

चाचणीलाही तिच्या मर्यादा आहेत, हे विसरून चालणार नाही. प्रश्नाची भाषा न कळल्यामुळे ज्याचे गणित चुकते, त्याची परीक्षा गणिताची होत नाही. वस्ती-पाड्यावरील ज्या मुलाच्या घरची बोली निराळी आहे, त्याला तोंडी विचारून पाहावे. पुष्कळदा त्याचे उत्तर लेखी उत्तराहून सरस निघते. तसेच राष्ट्रीय व राज्य पातळीवरील सर्वेक्षणे जिल्ह्याची प्रकृती सांगण्यासाठी असतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववी या इयत्तांचे देशव्यापी सर्वेक्षण झाले, त्याचा उद्देशही हाच. अशा सर्वेक्षणाच्या आधी महिनाभर नमुना-प्रश्न घोकून घेणे म्हणजे ताप मोजण्यापूर्वी तापमापक थंड पाण्यात बुडविण्यासारखे आहे. आकडा खाली येतो, ताप मात्र अंगातच राहतो.

बंधुभगिनींनो, "गणितात कच्चा" हा शिक्का ज्याच्यावर चौथीत बसतो, तो मुलगा आठवीत मागच्या बाकावर जातो आणि दहावीनंतर पुष्कळदा शाळेबाहेर दिसतो. मुलगी असली तर तिच्या शिक्षणाला विराम देण्यास घरच्यांना तेवढे निमित्त पुरते. हा शिक्का ज्या फुलीने बसला, त्या फुलीमागची चूक कोणी पाहिली असती, तर कदाचित आठवडाभराच्या शिकवणीने ती दुरुस्त झाली असती. पुढच्या सोमवारी आपण वह्या तपासावयास बसाल, तेव्हा प्रत्येक वर्गातील निदान पाच चुकीच्या उत्तरांपाशी क्षणभर थांबावे, आणि हे उत्तर या मुलाला बरोबर का वाटले असेल, असे स्वतःला विचारावे. त्या पाच चुकांची नोंद आपल्या टाचणवहीत करावी, आणि पुढील केंद्र-बैठकीत ती सर्वांसमोर मांडावी. अशा नोंदी जमत गेल्या, तर आपल्या जिल्ह्याला बाहेरून आणलेल्या प्रश्नपेढीची गरज उरणार नाही, आणि हायस्कूलच्या शिक्षकांनाही आपल्याकडून काही शिकावयास मिळेल.