नाव बदलावे, शब्द मोडू नये

(भाषणाचा मजकूर)



२०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. नामांतर झाले की फलक आणि शिक्के बदलतात. त्याचबरोबर संगणकात साठविलेल्या याद्या, अर्जांचे नमुने आणि मसुदेही बदलावे लागतात. पायथन किंवा पर्ल यांसारख्या स्क्रिप्ट भाषेत लिहिलेली चार ओळींची आज्ञावली हे काम अल्पावधीत उरकते. मात्र आज्ञा नेमकी नसेल, तर चुकाही त्याच वेगाने होतात.

“उस्मानाबाद दिसेल तेथे धाराशिव लिही” एवढेच सांगितले, तर ‘उस्मानाबादकर’ आडनावाचे गृहस्थ ‘धाराशिवकर’ होतील आणि शेळीची प्रसिद्ध ‘उस्मानाबादी’ जात ‘धाराशिवी’ होऊन बसेल. जिल्ह्याचे नाव बदलल्याने कोणाचे आडनाव बदलत नाही, की पशूच्या जातीचे नाव बदलत नाही.

यासाठी या भाषांत शब्दसीमेची खूण असते. शोधावयाच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंस ती दिली, की केवळ पूर्ण शब्दच बदलला जातो. या खुणेने आडनाव वाचते. शेळी मात्र वाचतेच असे नाही. पायथनची अंगभूत पद्धती काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानीत नाही. ‘उस्मानाबादी’मधील ‘द’पाशीच शब्द संपला, असे ती समजते. १९८७ साली आलेली पर्ल भाषा, मजकूर यूनिकोड म्हणून वाचावयास सांगितल्यास, ही चिन्हे शब्दातच धरते. पायथनमध्ये “मागेपुढे देवनागरी अक्षर वा चिन्ह नसावे” अशी अट स्पष्टपणे लिहावी लागते.

दुसरी अडचण विभक्तीची. काटेकोर अट घातली, की ‘उस्मानाबादला’, ‘उस्मानाबादचे’, ‘उस्मानाबादहून’ ही रूपे सुटून जातात. म्हणून अशा प्रत्ययांची यादी आज्ञावलीत द्यावी. ‘उस्मानाबादेत’ या रूपासाठी ‘धाराशिवमध्ये’ असा बदल स्वतंत्रपणे सांगावा.

जुने आदेश आणि निकालपत्रे हे त्या त्या काळचे पुरावे होत. त्यांतील नावांना हात लावू नये. इतर मजकुराची मूळ प्रत आधी जपून ठेवावी. होणाऱ्या बदलांची यादी प्रथम काढून ती मराठीच्या जाणकाराने ओळीने वाचावी आणि त्यानंतरच यंत्राला बदल करू द्यावा.