साथीच्या दिवसांतील व्यायाम आणि मनःस्वास्थ्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे, की व्यायामशास्त्राचे पंडितही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो व चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी, पाढे आणि कवायत शिकविली. अशा माणसाने मनःस्वास्थ्यावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. तथापि चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्ही नकार दिला नाही. कारण या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे व ती आपल्यापुढे सांगून टाकावी असे गेली काही वर्षे मनात होते.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. २२ तारखेस जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंद झाला. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. साताऱ्यातील आमच्या आळीत गुढ्या उभ्या राहिल्या, पण साखरेच्या गाठी कोठे मिळाल्या नाहीत. वहिनींनी गुढीला नुसती फुलांची माळ घातली.

आमचे थोरले बंधू अण्णा त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. टपाल खात्यात बटवड्याचे काम करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर रोज पहाटे अजिंक्यताऱ्याची वाट चढावयाची आणि आषाढीच्या आधी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालून यावयाचे, हा त्यांचा नेम. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ते वर. घरातील शिकलेसवरलेले म्हणून बंदोबस्ताचे काम आम्ही आपण होऊन पत्करले आणि अण्णांना बजावले की, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. गच्चीवरही जावयाचे नाही. शेजारची गच्ची लागून आहे, तिकडे कोणी खोकले तर काय घ्या! त्या दिवसांत कोणास काहीच नीट ठाऊक नव्हते, हे खरे. पण गच्चीची बंदी सरकारची नव्हती, ती आमची होती.

अण्णांनी ऐकले. खुर्ची दूरचित्रवाणीसमोर ओढली व सकाळपासून रात्रीपर्यंत रुग्णांचे आणि मृतांचे आकडे पाहत बसले. तक्रार नाही, वाद नाही. दूरध्वनीवर नातलगांना आम्ही कौतुकाने सांगत असू की, अण्णा किती शहाण्यासारखे बसून असतात! वर्गात गप्प बसणारा मुलगा गुणी, असे आम्ही चौतीस वर्षे मानले. त्याचे काही दुखते आहे काय, हे फार क्वचित विचारले. घरातही आम्ही तेच केले.

मे महिन्यात एके दिवशी वहिनी जिन्यात थांबल्या व म्हणाल्या, “भावजी, हे रात्र-रात्र झोपत नाहीत. आंघोळीला चारदा सांगावं लागतं. काय होतंय विचारलं, तर काही नाही म्हणतात. आमरसाची वाटी परवा तशीच राहिली.” आमरस नाकारणारे अण्णा आम्ही कधी पाहिले नव्हते. तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले.

येथे थोडे विषयांतर करतो. आमची आजी प्लेगाच्या साथीच्या आठवणी सांगत असे. घरात उंदीर पडला की माणसे घर सोडून रानात झोपड्या घालीत. तेव्हा माणसे घरातून मोकळ्यावर गेली, यंदाच्या शतकात मोकळ्यावरून घरात आली. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्यच. प्लेग उंदरांवरील पिसवांनी पसरतो, कोरोना माणसाच्या श्वासातून. प्लेगाने घरेच्या घरे बसविली, तेव्हा त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु रानातील माणसाला पाणी शेंदावे लागे, सरपण वेचावे लागे, झोपडी शाकारावी लागे. भीती होतीच, पण हातपाय चालू होते. २०२० मध्ये भीती तेवढी चालू राहिली आणि हातपाय थांबले.

जूनच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने सकाळी बाहेर फिरण्यास व धावण्यास मुभा दिली. आम्ही आनंदाने वर गेलो आणि म्हटले, “अण्णा, चला.” ते जिना उतरले, चपलेत पाय घातला, दारापर्यंत आले आणि परत फिरले. असे तीन-चार दिवस झाले. सरकारने दार उघडले होते, पण आम्ही घातलेली भीती त्यांच्या मनात बसली होती. आज्ञा देणे एका वाक्याचे काम. ती मागे घेण्यास किती वाक्ये लागतात हे आम्हांस तेव्हा समजले. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. ३० जून रोजी पादुका एस.टी.च्या बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. अण्णांनी ते दृश्य पाहिले, “पादुका गाडीनं गेल्या” एवढेच म्हणाले आणि न जेवता निजावयास गेले.

पुढे जे झाले त्याचे श्रेय वहिनींचे. त्यांनी उपदेश केला नाही. गच्चीवरील तुळस व कुंड्या पाणी न मिळाल्याने वाळत चालल्या होत्या. “माझे गुडघे दुखतात, तेवढी कळशी वर न्याल का?” असे त्यांनी अण्णांना विचारले. वर गेलेले अण्णा त्या दिवशी अर्ध्या तासाने खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गेले. मग त्यांनी गच्ची पावलांनी मोजली, आमच्याजवळचे खडू मागून घेतले आणि कठड्याच्या भिंतीवर फेऱ्यांच्या रेघा ओढू लागले. आठवड्याने जेवताना म्हणाले, “आज चांदोबाचा लिंब आला.” आम्हांस प्रथम उलगडा झाला नाही. लोणंदहून निघून ते गच्चीवरच फलटणास चालले होते! तरडगाव आले तेव्हा वहिनींनी शिरा केला. फलटण येण्यास भाद्रपद उजाडला. झोप मात्र त्यापूर्वीच, श्रावणात, परत आली होती.

केवळ चालण्याने सर्व झाले, असे आम्ही म्हणणार नाही. डॉक्टरांनी काही महिने औषधही दिले होते. मन फार खचले असेल तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे आणि चालू लागलो म्हणून गोळी परस्पर बंद करता कामा नये. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या तक्रारी विनामूल्य सांगता येतात. आपल्या ज्ञातीत अद्याप ‘लोक काय म्हणतील’ याचे भय फार, म्हणून मुद्दाम सांगितले.

महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता व खिन्नता यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. त्याच संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे सुचविले; पासष्टीपुढील लोकांनी त्याशिवाय तोल व शक्ती वाढविणारे व्यायाम आठवड्यातून तीन वा अधिक दिवस करावे, असेही म्हटले. रोज सुमारे एकवीस ते त्रेचाळीस मिनिटे झाली. त्यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. उजेडात चालल्याने दिवस-रात्रीचे घड्याळ जागेवर राहते, स्नायू दमले की झोप लागते आणि जोवर पावले मोजीत आहोत तोवर मन त्याच एका काळजीभोवती घिरट्या घालीत नाही.

भगिनींविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. टाळेबंदीत कामवाल्या बाया येईनात, सारी माणसे घरी, चहाची आधणे दिवसभर. आम्ही पुरुष म्हणत असू, बायकांना काय, घरातच व्यायाम! आमच्या सौभाग्यवतींनी एकदा ऐकविले, “केर काढून कंबर मोडते, मन मोकळं होत नाही. सकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जात होते, तो एकच तास माझा होता.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. राबणे आणि आपल्या इच्छेने चालणे या दोहोंत शरीराला कदाचित फरक कळत नसेल, मनाला कळतो.

उलट टोकाची चूकही आम्हीच केली. एप्रिल २०२१ मध्ये आम्हांस कोरोना झाला. ताप उतरताच, कवायतीचे मास्तर ना आम्ही, बारा सूर्यनमस्कार घालण्यास उभे राहिलो आणि तिसऱ्याला भोवळ येऊन पडलो. डॉक्टर चांगलेच रागावले. आधी विश्रांती, मग खोलीतल्या खोलीत चालणे, दम लागला की थांबणे, असे करता करता अडीच महिन्यांनी आम्ही पूर्वीच्या चालीवर आलो.

आता मंडळाला एक विनंती. कार्यालयाच्या मागील मोकळ्या जागेला बारा महिने कुलूप असते; लग्नाच्या दिवशी तेथे मोटारी लागतात, एरवी गवत वाढते. तेथे फरशी घालून गाळे काढावे व भाड्याने द्यावे असा विचार चालू असल्याचे ऐकतो. संस्थेला उत्पन्न हवे हे आम्ही जाणतो. तरीही आपल्या आळीत जवळपास दुसरी मोकळी जागा उरलेली नाही आणि गच्ची प्रत्येकाला नसते. पुन्हा साथ आली व माणसांनी अंतर राखूनच बाहेर पडावे असे ठरले, तर वृद्धांनी जावे कोठे? म्हणून ती जागा तशीच ठेवावी, कडेने चालण्यापुरती वाट करावी व मागील फाटक सकाळी साडेपाच ते आठ उघडावे. भगिनींसाठी संध्याकाळी एक तास राखून ठेवावा.

फाटकाची किल्ली कोण सांभाळणार, असा प्रश्न मागील सभेत निघाला होता. ती आमच्याकडे द्यावी. आमच्या हातून उशीर झाल्यास अण्णा फाटक उघडतील. ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि त्यांनी कालच तसे कबूल केले आहे.